चार दहाची घंटी

मी डेटाबेस दुरुस्त करणारा माणूस. लोकांना वाटतं, मोठं कोडं सोडवण्याचं काम असेल. खरं तर ते घरातली हरवलेली किल्ली शोधण्यासारखं असतं. नव्वद टक्के वेळा किल्ली शोधणाऱ्याच्याच खिशात सापडते. तेव्हा ही हकीकत ऐकताना मला फार हुशार समजू नका, आणि फार भित्राही समजू नका.

२०१३चा जानेवारी. त्या वर्षी कपाशीवर लाल्या आला होता. पानं लाल होऊन गळत होती, बोंडं अर्धवट उमलून तशीच राहिली होती. बुलढाण्याला माझ्या घरी सकाळी पंजाबरावांचा फोन आला. धामणगाव बढ्याजवळ त्यांच्या ट्रस्टचं शेतकऱ्यांसाठीचं फोन-केंद्र होतं. म्हणाले, “कामरान, कॉम्प्युटर भलतेच नंबर देऊन राह्यला. येऊन पाह्य बाप्पा एकदा.”

जायला आठ महिने मी टाळाटाळ केली होती. तो प्रोग्राम शालिग्रामनं लिहिलेला होता. शालिग्राम माझा शेगावच्या कॉलेजातला दोस्त, आणि आदल्या मे महिन्यात राजूर घाटात त्याची मोटारसायकल खाली गेली होती. धामणगाव बढ्याला जायचं तर तोच घाट उतरावा लागतो.

निघताना मी मोबाईल टेबलावरच ठेवला होता. माझी आई, चांदबी तिचं नाव, मागून धावत आली आणि तो माझ्या खिशात कोंबला. “पहुंचते के साथ मिसकॉल मार, बेटा.” मी हो म्हटलं.

घाटात त्या वळणावर मी गाडी थांबवली. कठड्याचा तुटलेला भाग तसाच होता, त्याला कोणीतरी काटेरी फांद्या लावून ठेवल्या होत्या. तिथे मी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. अनेक महिने मला झोप नव्हती. का नव्हती, ते पुढे सांगतो. एवढं मात्र आत्ताच सांगायला हवं, की संध्याकाळी परत येताना पुन्हा इथेच थांबायचं असं मी मनाशी धरलं. कशासाठी, ते मी स्वतःलाही नीट बोलून दाखवलं नाही. पण मला ठाऊक होतं. मग गाडीला किक मारली आणि घाट उतरलो. आईला मिसकॉल दिला नाही.

केंद्र कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या कचेरीत होतं. दोन खोल्या, जाड भिंती, उंचावर एकच झरोका. जिनिंग बंद होऊन दहा वर्षं झाली असतील, तरी भिंतींना सरकीचा तेलकट वास होता. कोपऱ्यात सर्व्हर, त्याच्याजवळ इन्व्हर्टर, आणि टेबलावर कर्रकर्र करणारा जुना प्रिंटर. फोनवर बेबीताई बसायच्या. पन्नाशीच्या, कपाळावर मोठं गोंदण, आणि आवाज असा की रागावलेलं माणूसही खाली बसून घेईल.

काम साधं होतं. शेतात, घरात ज्याचा जीव घाबरा झाला त्यानं केंद्राला मिसकॉल द्यायचा. बोलायला पैसे नकोत. यंत्र तो नंबर टिपून डेटाबेसमध्ये टाकायचं. डेटाबेस म्हणजे नोंदींचं कपाट म्हणा. एरवी प्रोग्राम कपाटाच्या बाहेर उभा राहून नोंदी मागतो, पण शालिग्रामनं जावा या भाषेत लिहिलेला आपला प्रोग्राम कपाटाच्या आतच नेऊन बसवला होता. या नंबरानं आधी किती वेळा घंटी दिली, किती दिवस गप्प होता, हे सगळं आतल्या आत पाहून प्रोग्राम ठरवायचा, आधी कोणाला फोन लावायचा. प्रिंटरवर यादी निघायची आणि बेबीताई फोन लावायच्या.

“दिवाळीपासून चालू हाये हे,” पंजाबराव म्हणाले. हे ट्रस्टचे कारभारी, मनानं चांगले पण सदा घाईत. “रोज एक नंबर असा येते, की त्यानं घंटीच देल्ली नसते. अन् तोच सगळ्यात वर! बेबीताई तिथं अर्धा-अर्धा तास बोलत बसते, अन् ज्यायनं खरंच घंटी देल्ली ते ताटकळून राह्यले. मले पाच वाजता मीटिंगमधी सांगायचं हाये. पाचच्या आत ते काढून टाक.”

ते गेल्यावर बेबीताईंनी माझ्यापुढे चहा ठेवला. “काढू नका भाऊ.”

“काऊन?”

“दिवाळीत पयला असा नंबर आला. दुसरबीडकडच्या तानुबाईचा. म्हातारी म्हने, आमी नाई केला फोन. मी ठेवूनच देत होती... पन तिचा आवाज कसा तरी वाटला. म्हतलं, बोला मावशी, घरात कोन कोन हाये? म्हने, पोरगा हाये गोविंदा, सकाळपासून ढोरायच्या कोठ्याचं दार लावून बसला, जेवाले येत नाई.” त्यांनी आपली बशी उचलली. “म्हतलं, मावशी, फोन चालूच ठेवा, अन् दार तोडा.”

“मग?”

“हाये ना गोविंदा. जित्ता हाये. संक्रांतीले तीळ घेऊन आला होता.” बशी हातात फिरवत त्या म्हणाल्या, “असे सगळेच नाई भाऊ. कुठं नुसतीच एकटी म्हातारी असते. कुठं बाई रडून घेते. पन आजवर एकही घर असं नाई निघालं, का जिथं फोन करायची गरज नव्हती. घंटी देनारा तरी देते. न देनाऱ्याचं काय?”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. शालिग्राम म्हणायचा.

“किती वाजता येतो हा नंबर?” मी विचारलं.

“चार वाजून दहा मिनिटं. रोज. एक मिनिट इकडं नाई का तिकडं नाई.”

माझ्या हातातला चहा सांडला. बेबीताईंनी फडकं घेतलं. पुसता पुसता म्हणाल्या, “अन् त्या टायमाले इथं तळनाचा वास येते. सोप टाकून तळलेलं कायतरी. आजूबाजूले कोनी तळत नाई.”

बडीशेपेचा तो वास रस्त्यावरच्या भज्यांच्या गाडीचा असेल, असं म्हणून मी कामाला लागलो.

पहिली अडचण ही की शालिग्रामचा मूळ लिहिलेला प्रोग्राम कुठेच नव्हता. तो त्याच्या लॅपटॉपमध्ये होता आणि लॅपटॉप त्याच्याबरोबर घाटात गेला. कपाटात उरला होता तो भाषांतर होऊन बसलेला, यंत्राला कळेल असा क्लास. तो बाहेर काढून उलगडून पाहिला. त्यातून हाडं दिसतात, मांस दिसत नाही, पण हाडं धड होती. दिलेल्या नंबरांमधूनच यादी करायची, एवढंच तो करत होता. नसलेला नंबर आणायची त्यात सोयच नव्हती.

मग वाटलं, कोणी दुसरी प्रत टाकली असेल. नव्हती. ठरल्या वेळी आपोआप चालणारं काही काम लावून ठेवलं असेल. नव्हतं. क्लास शेवटचा केव्हा बदलला, ते पाहिलं तर २०१२चा फेब्रुवारी. शालिग्राम जिवंत असतानाचा. त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. परवलीचा शब्द दोघांनाच ठाऊक होता, त्यातला एक घाटात गेलेला आणि दुसरा मी.

दुपार उतरली. बेबीताई एकीकडे फोन लावत होत्या. ‘जेवले काय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. मला वाटलं, उत्तर काय येतं ते महत्त्वाचं नसावं.

आता प्रोग्रामलाच बोलतं करायचं ठरवलं. प्रोग्राम लिहिणारा माणूस मध्ये मध्ये एखादी ओळ पेरून ठेवतो, ‘मी इथवर आलो’ असं सांगणारी. अडलं तर कुठे अडलं ते कळतं. शालिग्राम तिथे ‘पोचलो’ लिहायचा. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. गंमत अशी, की कपाटाच्या आत चालणाऱ्या जावाचं बोलणं पडद्यावर उमटतच नाही. ते दर खेपेला सर्व्हरच्या कोपऱ्यातल्या एका नव्या फाईलमध्ये, ट्रेस फाईल म्हणतात तिला, गुपचूप जाऊन पडतं. मुद्दाम हुकूम दिला तरच पडद्यावर येतं. तो हुकूम कोणी दिलाच नव्हता. म्हणजे आठ महिने तो बोलत होता आणि ऐकणारं कोणी नव्हतं.

मी हुकूम दिला, खोटे नंबर घालून प्रोग्राम चालवला. पडद्यावर तीन ओळी आल्या. पोचलो १. पोचलो २. पोचलो ३. झालं. उलगडलेल्या हाडांतही तीनच होत्या.

मग कोपऱ्यातल्या फाईली उघडल्या. दिवसभराच्या फाईलींत तीन-तीन ओळी. आदल्या दिवशीची चार दहाची फाईल मात्र वेगळी निघाली. तीत चार ओळी होत्या. चौथी होती, ‘उचल बे’.

मी परवाची उघडली. उचल बे. त्याच्या आधीच्या दिवसाची. उचल बे. दिवाळीपर्यंत मागे गेलो. रोज चार दहा, रोज तीच ओळ. क्लासमध्ये ‘उचल’ हा शब्दच नव्हता. मी दोनदा शोधला. 

आता सांगतो, झोप का नव्हती.

कॉलेजात आमची एक पैज होती. घरी पोचलो की दोन घंट्या देऊन फोन कापायचा, समोरच्यानं उचलायचा नाही. जो चुकून उचलेल त्यानं शेगावची कचोरी खाऊ घालायची. शालिग्राम खादाड. मुद्दाम घंटी लांबवायचा, मला मोहात पाडायला. कॉलेज सुटलं, नोकऱ्या लागल्या, पण खेळ चालूच राहिला. आठ वर्षांत मी दोनदाच हरलो होतो. मे महिन्यात त्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी, त्याचा फोन आला. दोन घंट्या झाल्या, तीन झाल्या, पाच झाल्या. पूर्ण वाजून बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला. मी फोनकडे बघून हसलो. ‘आज नाही खाऊ घालत बेट्या’ असं म्हणालोसुद्धा, आणि खिशात ठेवून दिला.

शालिग्राम त्या वेळी घाटातल्या वळणाच्या खाली पडलेला होता. सापडला तेव्हा फोन त्याच्या हातात होता. डॉक्टर म्हणाले, तासभर तरी जिवंत असावा.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. मला तिथून उठून जायचं होतं. पाचची वाट कशाला बघायची? क्लास काढून टाकण्याचा हुकूम मी लिहून तयार केला. त्याच्या जागी साधी यादी, जो आधी घंटी देईल तो आधी. पंजाबराव खूश, मी मोकळा. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं. बेबीताई समोरून बघत होत्या. “भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “आजच्या नंबराले तरी थांबा. त्या घरी आज कोन असंल... कोनाले ठाऊक.”

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगची वेळच होती ती. पंखा गरगरत थांबला. झरोक्यातून येणारा उजेड जमिनीवर पोचतच नव्हता. सर्व्हर, पडदा आणि प्रिंटर तेवढे इन्व्हर्टरवर चालू राहिले. आणि मग तो वास आला. सोप, गरम तेल, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या कचोरीचा. कोणीतरी पुडा माझ्या खांद्यावरून पुढे धरावा, इतका जवळून...

मी वळून पाहिलं नाही.

प्रिंटर सुरू झाला. कर्र... कर्र... एकच ओळ छापून थांबला. बेबीताईंनी कागद फाडला, झरोक्याखाली नेऊन वाचला आणि नेहमीसारखा नंबर फिरवला. माणूस कोण, गाव कुठलं, काही न विचारता. तशी त्यांची रीतच होती.

फोन माझ्या खिशात वाजला.

काखेत कळसा म्हणतात तो असा. बेबीताईंनी कानाचा रिसिव्हर न काढता माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. पहिली घंटी. दुसरी. माझा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. इतक्या वर्षांची सवय, उचलायचा नाही. तिसरी घंटी. चौथी. पडद्यावर, हुकूम दिलेला होता म्हणून, ओळी उमटत होत्या. पोचलो १. पोचलो २. पोचलो ३.

“उचला भाऊ...” बेबीताई म्हणाल्या. आवाज कुजबुजीएवढा. “मी हाये ना इकडं.”

मी उचलला.

टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई मला दोनदा ऐकू येत होती, एकदा समोरून आणि एकदा कानात. ती माझ्याकडे बघतही नव्हती. डोळे मिटून बोलत होती, अनोळखी माणसाशी बोलावं तसं. “जेवले काय भाऊ?”

“नाही.”

“असू द्या. मी ऐकून राह्यली. बोला.”

आणि मी बोललो. कचोरीपासून कठड्यापर्यंत सगळं. संध्याकाळी कुठे थांबायचं ठरवलं होतं, तेही. चांगला तिशीतला बाप्या, हमसून हमसून रडलो.  ‘तुमची काही चूक नाही भाऊ’ वगैरे त्या म्हणाल्या नाहीत. मी थांबलो तेव्हा फक्त विचारलं, “घरी कोन हाये आता?”

“आई.”

“तिले मिसकॉल देल्ला काय पोचल्याचा?”

“नाही दिला.”

“मंग द्या आत्ता. मी थांबते.”

मी आईचा नंबर लावला. एक घंटी होऊन कापायचा म्हणून बोट तयार ठेवलं होतं. पण पहिली घंटी पुरी व्हायच्या आत पलीकडून उचलला गेला. आईनं नियम मोडला होता. “सुबह से हाथ में पकडके बैठी हूं रे,” ती म्हणाली.   तसेच दोघं फोन धरून बसलो. किती मिनिटं झाली, कोणी मोजली नाहीत.

लाईट आली तेव्हा वास गेला होता. पडद्यावर तीनच ओळी होत्या. चौथी आली नव्हती. मी लिहून ठेवलेला हुकूम एकेक अक्षर मागे घेत पुसला.

पाचला पंजाबराव आले. “निघाली का चूक?”

“चूक नाही त्यात,” मी म्हणालो. “प्रोग्राम बरोबर आहे. तुम्ही एक फोन वाढवा आणि बेबीताईंच्या जोडीला आणखी एक बाई बसवा.” ते माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले, काहीतरी पुटपुटले, आणि पुढच्या महिन्यात खरंच दुसरा फोन आला.

मी गाडी काढली तर बेबीताई पिशवी घेऊन मागे येऊन बसल्या. “मले बुलढान्याले बहिनीकडं जायचंच हाये.” घाटभर त्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलत होत्या. तिखट किती, शेंगदाण्याचा कूट किती. वळण आलं आणि गेलं, त्यांचा कूट संपलाच नाही. रात्री त्या आमच्याच घरी जेवल्या, आईजवळ झोपल्या आणि सकाळच्या एसटीनं परत गेल्या. बुलढाण्यात त्यांना बहीण नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

केंद्र पुढे सहा वर्षं चाललं. मग ट्रस्टची मदत आटली आणि ते बंद झालं. सर्व्हर भंगारात देऊ नका म्हणून मी घरी आणला. त्याच्या वायरी मी माझ्या हातांनी काढल्या, आतली डिस्कसुद्धा काढून वेगळी केली. ती आईच्या लोखंडी कपाटात गोधड्यांखाली आहे. तिला ना वीज आहे, ना फोन.

तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा दुपारी माझा मोबाईल वाजतो. अनोळखी नंबर असतो. मी घड्याळ बघत नाही, बघायची गरज नसते. पहिल्याच घंटीला उचलतो.

मागच्या आठवड्यात एक बाई होती. मोताळ्याकडची असावी, बोलण्यावरून. मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या. ती घाबरलेली होती.

“कोन बोलून राह्यले?” ती म्हणाली. “मी तं फोन लावलाच नाई भाऊ... फोन तं तिकडं कोनाड्यात होता...”

“असू द्या,” मी म्हणालो. “जेवल्या काय ताई?”

पलीकडे कोंबड्या ओरडतच राहिल्या. पण तिनं फोन ठेवला नाही.